पाब्लो कासाल्स यांची भीती



यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीजणींनी एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे सभेत ठरले, तेव्हा मी मागे बसून मान खाली घातली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब यांपलीकडे माझ्या हाताला लिहिण्याची सवय नाही. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे इतरांनी भराभर घेऊन टाकली आणि आता आपल्या वाट्याला कोणी उरले नाही म्हणून मी मनातून खूष झाले. पण आपल्या चिटणीसबाई सोडणाऱ्या नव्हेत. त्यांनी माझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

त्या कोऱ्या जागेत मी जे नाव भरले ते आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकले नसेल. मीही ऐकले नव्हते. पाब्लो कासाल्स. स्पेन देशातले वादक. सेलो नावाचे वाद्य वाजवीत. १८७६ साली जन्मले आणि १९७३ साली शहाण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यांच्या काळी सेलो वाजवणाऱ्यांत त्यांचे नाव सगळ्यांच्या आधी घेतले जाई.

आता आपल्या या गल्लीत स्पेनचा वादक कोठून आला, ते सांगते. गेल्या वर्षी वर्धापनदिनाला माझे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. पेटी पुढ्यात होती, तबल्याची साथ होती, अभंग लहानपणापासून तोंडपाठ. ध्रुपद झाले, पहिले कडवे झाले, आणि दुसरे कडवे पाटी पुसावी तसे पुसून गेले. मी तेच ध्रुपद तीनदा घोळवले. चौथ्यांदा आवाजच फुटेना. समोर बसलेल्या सगळ्या ओळखीच्या, रोज भाजीच्या गाडीपाशी ज्यांच्या शेजारी उभी राहून कोथिंबिरीची घासाघीस करते त्याच. पण त्या वेळी एकही तोंड ओळखीचे दिसेना. कोणीतरी टाळ्या वाजवून प्रसंग निभावून नेला. मी खाली उतरले ती सरळ घरी गेले, चहालासुद्धा थांबले नाही. तेव्हापासून भजनाला येते, पण पेटी दुसरीच्या पुढे सरकवते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

पुढची गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नाही. श्रावणात नणंदेकडे मंगळागौरीला मी दोन गाणी म्हणायची असे ठरले होते. आदल्या दिवशी माझा घसा बसला. डॉक्टरांनी बोलूही नका म्हणून सांगितले. घरचे सगळे हळहळले, आणि मी उशीत तोंड खुपसून देवाचे आभार मानले. सुटले म्हटले. मग स्वतःचीच लाज वाटली. ज्या गळ्याने लहानपणापासून मला सोबत केली तो बसला, आणि मला आनंद व्हावा!

एका रात्री भांडी आवरता आवरता हे मी थोरल्या लेकीला सांगून टाकले. ती कॉलेजात जाते. ती हसेल असे वाटले होते, पण हसली नाही. दोन दिवसांनी वाचनालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आली आणि रोज जेवणे झाल्यावर दोन-चार पाने मला मराठीत सांगू लागली. मी खाली लिहिले आहे ते असे तिच्या तोंडून ऐकलेले. नावांचे उच्चार चुकले असतील तर दोष माझ्या कानांचा.

स्पेनच्या पूर्वेला समुद्राकाठी कातालोनिया नावाचा प्रांत आहे. तेथील एल वेंद्रेल या गावी २९ डिसेंबर १८७६ रोजी पाब्लोचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. हा ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ, भात्याने वारा भरून वाजणारा, पण भिंतभर मोठा. शिवाय ते संगीताच्या शिकवण्या करीत. कमाई बेताचीच. आईचे नाव पिलार. तिचे आईवडील कातालोनियाचे, पण ती जन्मली समुद्रापलीकडे पोर्तो रिको नावाच्या बेटावर. घरात मुले पुष्कळ झाली आणि त्यांतली बरीचशी जन्मतःच किंवा लहानपणीच गेली. असे दुःख सोसलेल्या बाईचे उरलेल्या मुलांवर किती लक्ष असेल, हे मी येथे बसलेल्यांना सांगायला नको.

पोराला सूर घरातच मिळाला. बोलायला लागला न लागला तोच तो गाऊ लागला. पियानो, व्हायोलिन, पाय पोचू लागल्यावर ऑर्गनही. एकदा गावात फिरस्ते वादक आले. त्यांतल्या एकाने झाडूच्या दांड्याला तार बांधून वाद्य केले होते. पाब्लोने घरी येऊन ते इतके रंगवून सांगितले की वडिलांनी एक वाळका भोपळा घेतला, त्याला दांडा बसवला, एक तार ओढली आणि पोराच्या हाती दिला. ते वाद्य त्यांनी पुढे जन्मभर जपून ठेवले. भोपळ्याचे ऐकले तेव्हा मला एकदम बरे वाटले. मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो तोही भोपळाच. म्हणजे माणूस अगदीच परका नाही म्हटले.

१८८८ साली, पाब्लो अकरा वर्षांचा असताना, बार्सिलोना शहरातले काही वादक गावात येऊन गेले. त्यांच्यातल्या एकाजवळ सेलो होता. सेलो हे व्हायोलिनच्याच जातीचे वाद्य, पण अंगाने थोराड. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचे आणि सारंगीसारखे गजाने वाजवायचे. सूर खर्जातला, भरदार, पुष्कळसा माणसाच्या आवाजासारखा. तो आवाज ऐकून पोराचा श्वास अडकला. शिकायचे तर हेच, म्हणून त्याने हट्ट धरला.

वडिलांचा विचार वेगळा होता. पोराला सुताराकडे उमेदवारीला ठेवावे, हाताला कसब येईल, चार पैसे मिळतील. मला काही वडिलांचा राग येत नाही. गाण्यावर पोट कसे भरते ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण पिलारबाईंनी ऐकले नाही. देवाने या पोराला जे दिले आहे त्याचे रंधे मारून चालणार नाही, असे त्यांचे मत. घरात यावरून कुरबुरी झाल्या, शब्दाला शब्द लागले. शेवटी बाई मुलाला घेऊन बार्सिलोनाला गेल्या आणि तेथल्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत त्याचे नाव घातले.

त्या काळी सेलो शिकवताना मुलांच्या काखेत पुस्तक धरायला लावीत. पुस्तक पडता कामा नये, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहील, अशी रीत. पाब्लोला हे पटेना. हात बांधून सूर मोकळा कसा निघेल? त्याने एकट्याने बसून हात मोकळा ठेवून वाजवायची आपली पद्धत बसवली आणि आज जगभर सेलो वाजवणारे थोड्याफार फरकाने तसेच वाजवतात. संध्याकाळी तो एका कॉफीच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे वाजवून खर्चाला पैसे मिळवी. तेरा वर्षांचा झाल्यावर वडिलांनी त्याला पुऱ्या मापाचा सेलो घेऊन दिला. सुताराकडे पाठवायला निघालेले तेच वडील, हे विसरू नये. त्याच दिवशी बापलेक बंदराजवळच्या एका दुकानात जुन्या छापील चिजा धुंडाळीत होते, तेव्हा पोराच्या हाती एक बाड लागले. बाख नावाच्या थोर जर्मन रचनाकाराने एकट्या सेलोसाठी लिहिलेल्या सहा रचना. लोक त्यांना सरावाचे पलटे समजत आणि मैफलीत अख्ख्या कोणी वाजवीत नसत.

पाब्लोने त्या सहा रचना बारा वर्षे घोकल्या. रोज. बारा वर्षांत एकदाही चारचौघांत वाजवल्या नाहीत. लेक म्हणाली, बघ आई, काय ही निष्ठा! निष्ठा तर खरीच. पण मला तीत थोडी भीतीही दिसली, आणि पुढे ऐकले तर त्यांनी स्वतःच कबूल करून ठेवले आहे की पंचविशीला पोचेपर्यंत त्या लोकांपुढे वाजवायचे धैर्यच त्यांना झाले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कॉफीच्या दुकानात कपबशांच्या आवाजात वाजवणे निराळे आणि तिकीट काढून, गप्प बसून ऐकणाऱ्यांपुढे वाजवणे निराळे. अशी पहिली मोठी मैफल १८९१ सालच्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला झाली. पाब्लो चौदा वर्षांचा. वडील त्याला ट्रामने घेऊन निघाले होते. ट्राममध्ये पोराचा चेहरा पांढराफटक पडला. चीज कशी सुरू होते तेच आपण विसरलो, एकही सूर आठवत नाही, असे तो वडिलांना सांगू लागला. वडिलांनी त्याला कसेबसे शांत केले. वाजवायला बसल्यावर सगळे आठवले आणि मैफल पार पडली. पण ट्राममध्ये पोटात उठलेला तो गोळा काही गेला नाही. तो पुढे ऐंशी वर्षे राहिला. हजारो मैफली झाल्या, राजेरजवाड्यांपुढे झाल्या, तरी प्रत्येक वेळी बाहेर पडण्याआधी त्यांच्या छातीत दुखे, आतल्या आत जीव टांगणीला लागे.

हे ऐकून मी लेकीला पुस्तक मिटायला सांगितले. त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटत होते की या थोर माणसाला भीती कशी घालवायची ते ठाऊक असेल आणि पुस्तकात ती युक्ती लिहिलेली असेल. दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटले, बरे, पुढे सांग. भीती गेली नाही तर नाही, मग वाजवले कसे ते तरी कळू दे.

१८९३ साली पिलारबाई पाब्लोला आणि दोन धाकट्या मुलांना घेऊन माद्रिदला, म्हणजे स्पेनच्या राजधानीला गेल्या. धाकटे तर अंगावरचे. नवरा मागे गावी. मला हे धारिष्ट दांडगे वाटते आणि थोडे कठोरही. कोणाच्या तरी चिठ्ठीवर दरबारातल्या एका उमरावाची गाठ पडली आणि राणीसाहेबांनी पोराला दरमहा अडीचशे पेसेता वेतन बांधून दिले. पेसेता म्हणजे त्यांचा रुपया. दोन-अडीच वर्षे बरी गेली. मग उमरावाच्या सल्ल्याने सगळे कुटुंब १८९५ साली बेल्जियम देशात ब्रसेल्सला गेले. तेथल्या नामांकित संगीतशाळेत पुढचे शिक्षण घ्यायचे होते.

तेथे काय झाले ते पाहा. सेलोच्या वर्गात प्राध्यापकांनी या खेड्यातून आलेल्या ठेंगण्या पोराला सगळ्यांपुढे चिडवायला सुरुवात केली. काय काय वाजवतोस, म्हणून एकेका अवघड चिजेचे नाव घेत गेले, आणि प्रत्येकीला पाब्लो हो म्हणतो असे पाहून वर्गाकडे वळून थट्टा करू लागले. पोरे खिदळली. एरवी मैफलीच्या नावाने घाम फुटणारा हा मुलगा त्या वेळी इतका संतापला की भीती कोठच्या कोठे गेली. दुसऱ्याचा सेलो ओढून घेऊन त्याने सांगितलेली चीज अशी वाजवली की वर्ग चिडीचूप झाला. प्राध्यापकांनी त्याला खोलीत नेऊन वर्षाचे पहिले बक्षीस देऊ केले. पाब्लोने ज्या ठिकाणी आपला अपमान झाला तेथे राहणार नाही असे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पॅरिसची गाडी धरून निघाले. ऐकायला ही गोष्ट फार छान. पण ब्रसेल्स सोडले म्हणून राणीचे वेतन बंद झाले. मानी माणसाच्या मानाची किंमत पुष्कळदा घरच्या बाईला भरावी लागते, आणि येथेही तसेच झाले.

पॅरिसला ते एका गारठलेल्या जागेत राहिले. पाब्लोला एका नाचगाण्याच्या नाटकगृहात दिवसाला चार फ्रँकवर सेलो वाजवायचे काम मिळाले. भाड्याचे पैसे वाचवायला तो वाद्य पाठीवर घेऊन हिवाळ्यात शहरभर चालत जाई. अखेर आजारी पडून अंथरुणाला खिळला. काम गेले. आई शिवणकाम करून औषधपाणी पाहू लागली. आणि एक दिवस ती बाहेरून आली तेव्हा मुलाने तिला ओळखलेच नाही. तिचे लांबसडक काळेभोर केस तिने विकले होते. मुलगा रडू लागला तेव्हा तिने हसून सांगितले की केसच ते, परत वाढतील.

येथे मी थोडी थांबते. आपल्याकडे एके काळी बाईचे केस कोणत्या प्रसंगी जात ते आपल्या आज्यांनी पाहिलेले आहे. मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या. ही बाई मात्र नवरा हयात असताना, स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन वेणी कापून देऊन आली. लेक पुढे वाचत होती, पण माझे लक्ष नव्हते. मनात आले की तो मुलगा त्यानंतर जेव्हा जेव्हा मैफलीला बसला असेल तेव्हा त्याला आईचे ते कापलेले केस दिसल्यावाचून राहिले नसतील. भीती वाटते म्हणून तो वाजवणे सोडणार कसे? हे पुस्तकात लिहिलेले नाही, माझ्या मनचे आहे.

पुढचे भराभर सांगते, कारण यशाच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. कुटुंब बार्सिलोनाला परतले. पाब्लोच्या गुरूची नोकरी रिकामी झाली होती, ती त्याला मिळाली. १८९९ साली इंग्लंडला व्हिक्टोरिया राणीपुढे वाजवले, त्याच वर्षी पॅरिसच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवले, आणि नाव झाले. मग देशोदेशी दौरे सुरू झाले. बाखच्या त्या सहा रचनाही आता ते मैफलीत वाजवू लागले आणि लोकांना कळले की हे पलटे नव्हेत.

१९०१ साली ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ तामलपायस नावाचा डोंगर आहे. मित्रांबरोबर तेथे चढायला गेले असताना वरून एक धोंडा सुटला आणि त्यांच्या डाव्या हातावर आदळला. डाव्या हाताची बोटे म्हणजे सेलो वाजवणाऱ्याचे सर्वस्व, तारेवर सूर तीच धरतात. रक्तबंबाळ झालेल्या त्या हाताकडे पाहून मनात पहिला विचार काय आला असेल? बरे झाले, देवाची कृपा, आता सेलो वाजवायला नको.

मी लेकीला ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. तिसऱ्यांदाही वाचायला लावले. इंग्रजी मला कळत नाही, तरी ते वाक्य मी पुस्तकात बोट ठेवून पाहिले. म्हणजे उशीत तोंड खुपसून सुटले म्हणणारी मी एकटी नव्हते. एवढा मोठा माणूस, आणि तोही. त्याच्या कलेवर त्याचे प्रेम नव्हते असे कोणी म्हणेल काय? त्यांनी स्वतः याचा उलगडा असा केला आहे की जो आपल्या कलेला सर्वस्व वाहतो तो तिचा गुलामही होतो, आणि गुलामाला सुटकेची ओढ असतेच. डॉक्टरांनी हात जातो की काय अशी शंका काढली होती. पण काही महिन्यांत हात बरा झाला. आणि बरा होताच त्यांनी गज उचलला. सुटका हाताशी आली होती, ती घेतली नाही.

आता व्हिएन्नाची गोष्ट. १९१० च्या सुमारास ते त्या शहरी पहिल्यांदा वाजवायला गेले. व्हिएन्ना म्हणजे पाश्चात्त्य संगीताची पंढरी. मोझार्ट, बेथोव्हन, शुबर्ट, ब्राह्म्स ही मोठी मंडळी तेथेच राहिली. त्या भूमीत पाऊल ठेवायचे म्हणून त्यांच्या मनावर इतके दडपण होते की पुष्कळ दिवस जाणेच लांबवले. शेवटी गेले. सभागृह भरलेले. ते येऊन बसले आणि गज उचलला तर हात लाकडासारखा ताठ. हात सैल व्हावा म्हणून त्यांनी गज बोटांत जरा फिरवायला घेतला, आणि तो सुटला. हवेत गिरकी घेऊन समोर बसलेल्या लोकांच्या रांगांत जाऊन पडला.

कल्पना करा. सगळ्या जन्माची धास्ती ज्या क्षणाची, तो क्षण आला. सभागृहात कोणी हसले नाही, कोणी हाक मारली नाही. ज्याच्याजवळ गज पडला होता त्याने तो उचलून पुढच्या रांगेत दिला, त्याने त्याच्या पुढे. असा हातोहात, एखादी पूजेची वस्तू द्यावी तसा, तो गज एकेक रांग ओलांडून वादकाकडे परत आला. कासाल्स तो येताना पाहत बसले होते, आणि पाहता पाहता त्यांचे मन निवत गेले. गज हाती आला तेव्हा हात थरथरत नव्हता. त्या दिवशीची त्यांची मैफल त्यांच्या चांगल्या मैफलींपैकी एक झाली.

मला यात सगळ्यात आवडले ते गज देणारे लोक. पुस्तकात त्यांची नावे नाहीत. पण ज्यांना तो भ्यायला होता, ती हीच माणसे.

भीती तरीही गेली नाही हे पुन्हा सांगते. दुसऱ्या मैफलीला छातीत तसेच दुखले. उपाय म्हणाल तर त्यांच्याजवळ एकच होता, रोजचा नेम. ऐंशी वर्षे रोज सकाळी उठले की ते पियानोपाशी बसून बाखच्या दोन छोट्या जोड-रचना वाजवीत, मग दिवस सुरू. आपण सडा घालून रांगोळी काढतो तसे. घर त्यामुळे पवित्र झाल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे. मग सेलोचे साधे पलटे, नव्या विद्यार्थ्यासारखे. नव्वदी उलटल्यावरसुद्धा.

आई १९३१ साली गेली. आणि १९३६ सालच्या जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली. कासाल्स यांनी बार्सिलोनाला स्वतःच्या कमाईतून वाद्यवृंद उभा केला होता आणि कामगारांना अगदी थोड्या पैशांत तो ऐकायला मिळावा अशी सोयही केली होती. बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना बंडाची बातमी आली, मैफल रद्द झाली. पुन्हा भेट होईल की नाही कोण जाणे, म्हणून सगळ्यांनी शेवटचा भाग तेवढा गाऊन वाजवून घेतला आणि डोळे पुशीत घरोघर गेले. त्या वर्षापासून १९३९ पर्यंत त्यांनी बाखच्या सहाही रचना लंडन-पॅरिसला ध्वनिमुद्रित केल्या. लेकीने त्या मला मोबाईलवर ऐकवल्या. स्वयंपाक करताना ऐकते. मला राग समजत नाही तो, पण खर्जाचा सूर समजतो.

फ्रांको या सेनापतीचा जय झाला आणि कासाल्स यांनी देश सोडला तो कायमचा. फ्रान्समध्ये सीमेजवळ प्राद नावाच्या छोट्या गावी राहिले. छावण्यांत अडकलेल्या देशबांधवांना पत्रे लिहीत, पैसे-कपडे पोचवीत. महायुद्धात जर्मन अधिकारी घरी येऊन त्यांनी जर्मनीत वाजवावे म्हणून सांगू लागले. यांनी नकार दिला. निदान आमच्यापुढे वाजवा, तर सांधे दुखतात म्हणून सांगितले. मनात धाकधूक नव्हती असे कोण म्हणेल? पण मैफलीला भिणारा माणूस बंदूकवाल्यांपुढे न वाजवून दाखवतो, याचे मला राहून राहून नवल वाटते.

युद्ध संपले तरी मोठी राष्ट्रे फ्रांकोला हात लावीनात. ते पाहून १९४६ च्या सुमारास कासाल्स यांनी जाहीर मैफली बंद केल्या. डोंगरावर धोंडा पडला तेव्हा ज्याला सुटलो असे वाटले, त्यानेच आता आपण होऊन गज बाजूला ठेवला, आणि आता मात्र त्याला सुख नव्हते. चार वर्षे अशी गेली. मग १९५० साली बाखच्या निधनाला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जगातले मोठमोठे वादक, तुम्ही येत नाही तर आम्ही येतो, म्हणून त्या खेड्यात येऊन थडकले. तेथे ते पुन्हा लोकांपुढे बसले. वय त्र्याहत्तर. छातीतले दुखणे तेवढेच.

उतारवयात ते पोर्तो रिकोला जाऊन राहिले. आईच्या जन्मगावाचे बेट. १९५७ साली तेथे तालीम चालू असतानाच हृदयविकाराचा झटका आला, त्यातूनही उठले. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी वाजवले. १९७१ साली संयुक्त राष्ट्रसंघात, पंचाण्णवाव्या वर्षी, कातालोनियाचे पक्ष्यांवरचे एक जुने लोकगीत सेलोवर वाजवले. ते गीत देश सोडल्यापासून ते आपल्या मैफलींच्या शेवटी वाजवीत असत. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांनी पोर्तो रिकोतच देह ठेवला. फ्रांको १९७५ साली गेला, आणि १९७९ साली कासाल्स यांच्या अस्थी वेंद्रेलला, वडील जेथे ऑर्गन वाजवीत त्या गावी, आणल्या.

चरित्र येथे संपले. चिटणीसबाईंनी हे वाचून कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव तिसरे घातले आहे, मला न विचारता. मी खोडायला सांगितले नाही. दीड महिना झाला, दूधवाला येण्याआधी पेटी काढून पलटे घोटते आहे. शेजारी तक्रार करीत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा. अभंग तोच, गेल्या वर्षीचा. पोटात गोळा आत्तापासूनच आहे. दुसरे कडवे पुन्हा निसटले तर आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्या रांगेत बसून ते खालून म्हणायला लागायचे आणि ज्यांना येते त्यांनी त्यांच्यात सूर मिळवायचा, असे आमचे ठरले आहे. चहाला या वेळी मी थांबणार आहे.